वासरांच्या शेणातील विषाणूंची प्रयोगशाळेतील परीक्षा

दुग्धव्यवसायात आजचे वासरू ही उद्याची गाय होय, ही गोष्ट कोणत्याही पशुपालकास सांगावी लागत नाही. तरीही जन्मानंतरच्या पहिल्या तीन-चार आठवड्यांत वासरांची जी हानी होते, तिच्याकडे पुरेशा गांभीर्याने पाहिले जात नाही. या वयात वासरे दगावण्याच्या प्रमुख कारणांत हगवणीचा क्रम फार वरचा आहे. वासरू पातळ पिवळसर शेण टाकू लागते, एक-दोन दिवसांत डोळे खोल जातात, पाय थंड पडतात आणि औषधाची योजना होईपर्यंत वासरू हातचे जाते. पुढच्या वेताच्या वासरालाही तोच रोग जडतो. याचे कारण असे की, पहिले वासरू कशाने गेले याचा शोध घेतला गेलेला नसतो.

हा शोध आता कठीण राहिलेला नाही. हगवण लागलेल्या वासराच्या चमचाभर शेणात रोगाच्या कारणाची खूण असते. ते कारण विषाणू असेल तर त्याचे आनुवंशिक द्रव्य, म्हणजे आरएनए, प्रयोगशाळेत ओळखता येते. ही परीक्षा कशी केली जाते, तिच्या निकालाचा अर्थ काय आणि तिच्या यशात पशुपालकाचा वाटा किती मोठा आहे, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

बिबवेवाडी हे पूर्वी पुण्याच्या दक्षिणेस असलेले शेतीचे गाव. आज तेथे दाट शहरी वस्ती झाली असून शेजारीच गुलटेकडीचा मार्केट यार्ड आहे. समजा, अशा भागातील एका लहान गोठ्यात आठ दिवसांच्या कालवडीस हगवण लागली आहे. पशुरोगांचे निदान करणारी पशुसंवर्धन खात्याची प्रयोगशाळा औंध येथे, म्हणजे शहराच्या पार वायव्य बाजूस आहे. गोठ्यापासून प्रयोगशाळेपर्यंतचा हा प्रवास शहराच्या गर्दीतून आणि पुष्कळदा उन्हातून करावा लागतो. परीक्षेचे अर्धे यश यंत्रांवर अवलंबून असते आणि उरलेले अर्धे या प्रवासावर. हे सूत्र वाचकांनी आरंभापासून ध्यानात ठेवावे.

हगवणीची कारणे व वासराचे वय

वासरांची हगवण हा एकच रोग नसून अनेक रोगांचे एक लक्षण आहे. तिचे कारण जिवाणू, विषाणू किंवा एकपेशीय परजीवी असू शकतो, आणि पुष्कळदा एकाच वासरात दोन कारणे एकत्र आढळतात. वासराच्या वयावरून कारणाचा अंदाज बांधता येतो. जन्मानंतर पहिल्या चार दिवसांत विषारी ई. कोलाय जिवाणूंमुळे हगवण लागण्याचा संभव अधिक असतो. साधारणतः पाचव्या दिवसापासून दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापर्यंत रोटा विषाणूचा प्रादुर्भाव विशेष आढळतो. गुरांचा कोरोना विषाणू पहिल्या महिन्यात केव्हाही आढळू शकतो. क्रिप्टोस्पोरिडियम हा परजीवीही पहिल्या ते चौथ्या आठवड्यातच त्रास देतो. साल्मोनेला जिवाणूंमुळे होणाऱ्या हगवणीत ताप आणि शेणात रक्त दिसण्याचा संभव असतो.

यावरून असे दिसून येईल की, आठ दिवसांच्या वासराच्या बाबतीत केवळ शेणाचा रंग व वास पाहून कारण सांगणे अनुभवी पशुवैद्यकासही शक्य नाही. तथापि कारणानुसार उपाय बदलतो. प्रतिजैविक औषधे जिवाणूंवर चालतात, विषाणूंवर त्यांचा परिणाम होत नाही. विषाणूच्या हगवणीत केवळ प्रतिजैविकांवर विसंबून राहिल्यास पैसा खर्च होतो, औषधास दाद न देणारे जिवाणू गोठ्यात वाढतात आणि वासरास खरी गरज ज्या पाण्याची व क्षारांची असते ते मागे पडतात.

विषाणू आणि त्याचे आरएनए

विषाणू हा जिवाणूपेक्षा कितीतरी लहान असतो. रोटा विषाणूचा व्यास सुमारे ७५ नॅनोमीटर आहे. एका मिलिमीटरच्या लांबीत असे तेरा हजारांवर विषाणू एका ओळीत मावतील. साध्या सूक्ष्मदर्शकातून तो दिसत नाही. १९६९ साली अमेरिकेतील नेब्रास्का येथे वासरांच्या हगवणीत या विषाणूचा शोध लागला. १९७३ साली ऑस्ट्रेलियातील मेलबर्न येथे रूथ बिशप व त्यांच्या सहकाऱ्यांना हगवण झालेल्या लहान मुलांच्या आतड्यात तशाच आकाराचा विषाणू आढळला. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली तो चाकासारखा दिसतो, म्हणून चाक या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून त्याला रोटा हे नाव मिळाले.

या विषाणूची रचना एखाद्या बंदिस्त बियाण्यासारखी आहे. बाहेर प्रथिनांची तीन आवरणे आणि आत आरएनएचे अकरा तुकडे. प्रत्येक तुकडा दुहेरी धाग्याचा असतो. नवे विषाणू कसे घडवायचे याची संपूर्ण माहिती या अकरा तुकड्यांत साठविलेली असते. कोरोना विषाणूचे आरएनए मात्र एकेरी व सलग असते. प्रत्येक विषाणूच्या आरएनएतील घटकांचा क्रम ठराविक असल्याने त्यावरून विषाणूची ओळख पटविता येते.

विषाणू आतड्याच्या आतील केसाळ आवरणातील पेशींत शिरतो, त्यांत वाढतो आणि त्या पेशी नष्ट करतो. त्यामुळे दूध पचत नाही, पाणी शोषले जात नाही आणि हगवण लागते. हगवण भरात असताना एक ग्रॅम शेणात रोटा विषाणूंची संख्या शेकडो कोटींवर जाते. परीक्षेसाठी हीच सर्वांत उत्तम वेळ होय.

नमुना केव्हा व कसा घ्यावा

हगवण सुरू झाल्यापासून पहिल्या एक-दोन दिवसांत नमुना घेणे आवश्यक आहे. पुढे विषाणूंची संख्या झपाट्याने घटते. वासरू शेवटच्या घटका मोजत असताना किंवा ते मेल्यानंतर घेतलेल्या नमुन्यात विषाणू न सापडण्याचा संभव असतो, आणि मग विषाणू नव्हताच असा चुकीचा समज होतो. नमुना पशुवैद्यकाच्या मार्गदर्शनाखाली, शक्य तर औषध सुरू करण्यापूर्वी घ्यावा. मात्र नमुन्यासाठी वासराचे उपचार लांबवू नयेत.

नमुना घेताना पुढील गोष्टी पाळाव्यात.

१. नमुना जमिनीवरून किंवा अंथरलेल्या काडातून उचलू नये. त्यात माती, मूत्र व इतर जनावरांचे शेण मिसळलेले असते. हातमोजा घालून बोटाने गुदद्वाराजवळ हळुवार चोळल्यास वासरू शेण टाकते. ते सरळ बाटलीत धरावे.

२. रुंद तोंडाची, घट्ट झाकणाची, स्वच्छ व कोरडी प्लॅस्टिकची बाटली वापरावी. ती फिनेल किंवा साबणाने धुतलेली नसावी. दहा ते वीस ग्रॅम शेण पुरते. बाटली काठोकाठ भरू नये.

३. शेणात फॉर्मालिन किंवा अन्य कोणतेही रसायन घालू नये. फॉर्मालिनने आरएनए व प्रथिने एकमेकांना जखडली जातात आणि पुढील परीक्षा बिघडते.

४. बाटलीवर जनावराचा बिल्ला क्रमांक, वासराचे वय, हगवण सुरू झाल्याची तारीख, नमुना घेतल्याची तारीख व वेळ आणि दिलेली औषधे लिहावीत. शाई पुसली जाणार नाही अशी असावी. गोठ्यात आणखी किती वासरांना हगवण लागली आहे, हेही सोबतच्या पत्रात नमूद करावे.

५. बाटली प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करून बर्फ भरलेल्या थर्मासमध्ये किंवा थर्मोकोलच्या पेटीत ठेवावी. बर्फाचे पाणी बाटलीत शिरता कामा नये. ४ अंश सेल्सियसच्या आसपास नमुना एक-दोन दिवस चांगला राहतो. घरच्या फ्रीजच्या बर्फकप्प्यात तो गोठवू नये, कारण पुन्हा पुन्हा गोठण्या-वितळण्याने विषाणूचे आवरण फुटते व आरएनए उघडे पडते. दीर्घकाळ ठेवायचा नमुना प्रयोगशाळेत उणे ७० अंश किंवा त्याहून कमी तापमानात ठेवतात.

६. गोठ्यात अनेक वासरे आजारी असल्यास दोन-तीन वासरांचे नमुने वेगवेगळ्या बाटल्यांत पाठवावेत. एका नमुन्यावरून सबंध गोठ्याचे निदान करणे धोक्याचे असते.

एवढी दक्षता कशासाठी, असा प्रश्न सहज उद्भवतो. आरएनए हे अत्यंत नाजूक द्रव्य आहे. त्याचे तुकडे करणारी विकरे आपल्या त्वचेवर, धुळीत आणि खुद्द शेणातही मुबलक असतात. विषाणूचे आवरण शाबूत आहे तोवर आतील आरएनए सुरक्षित असते. नमुना तापला, कुजला वा वारंवार गोठला तर हे संरक्षण नाहीसे होते. बिबवेवाडीहून भर उन्हात दुचाकीच्या डिकीत टाकून नेलेली बाटली आणि बर्फात ठेवून नेलेली बाटली बाहेरून सारखीच दिसते. परंतु दोन्हींचे निकाल भिन्न येऊ शकतात.

नमुना थेट प्रयोगशाळेत नेण्यापूर्वी नजीकच्या पशुवैद्यकीय दवाखान्याशी संपर्क साधावा आणि कोणती परीक्षा हवी व तेथे ती सध्या होते किंवा नाही, याची विचारणा करावी. म्हणजे नमुना व श्रम वाया जाणार नाहीत.

प्रयोगशाळेतील पूर्वतयारी

प्रयोगशाळेत प्रथम शेणाचा सुमारे एक भाग व क्षारयुक्त बफर द्रावणाचे नऊ भाग एकत्र घुसळतात. हे मिश्रण सेंट्रिफ्यूज यंत्रात वेगाने फिरविले म्हणजे चारा-तंतू, पेशी व बहुतेक जिवाणू तळाशी बसतात. विषाणू अतिसूक्ष्म असल्यामुळे वरच्या निवळीत राहतात. हीच निवळ पुढील सर्व परीक्षांचा आधार होय.

यानंतर निवळीतून आरएनए वेगळे काढतात. ग्वानिडिनियम नावाच्या तीव्र क्षाराने विषाणूचे आवरण फुटते आणि त्याच वेळी आरएनए नष्ट करणारी विकरेही निकामी होतात. मोकळे झालेले आरएनए या क्षाराच्या सान्निध्यात सिलिकास, म्हणजे वाळू व काच ज्या द्रव्याची बनतात त्यास, चिकटते. मग अल्कोहोलयुक्त द्रावणाने धुऊन मळ काढून टाकतात आणि शेवटी थोड्या शुद्ध पाण्यात आरएनए सोडवून घेतात. नेदरलँड्समधील बूम व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० साली ही पद्धत प्रसिद्ध केली. आज जगभर तिचाच वापर प्रामुख्याने होतो.

शेणाच्या बाबतीत हे धुण्याचे काम विशेष महत्त्वाचे आहे. शेणात पित्तातील क्षार, चाऱ्यातील गुंतागुंतीच्या शर्करा, वनस्पतींची रंगद्रव्ये आणि कधी रक्त असते. हे पदार्थ पुढील परीक्षेतील विकरांना काम करू देत नाहीत. म्हणून शेणाची परीक्षा रक्ताच्या परीक्षेपेक्षा अवघड मानली जाते.

पद्धत पहिली : जेलवरील पट्टे

१९८२ साली प्रसिद्ध झालेली ही पद्धत आजही उपयुक्त आहे. पॉलिअॅक्रिलामाइड नावाच्या पदार्थाची पातळ जेल बनवून तिच्या वरच्या कडेला केलेल्या खाचेत आरएनए घालतात व तीतून वीजप्रवाह सोडतात. आरएनएवर ऋण विद्युत्भार असल्यामुळे ते धन टोकाकडे सरकू लागते. लहान तुकडे जेलच्या सूक्ष्म छिद्रांतून लवकर पुढे जातात, मोठे मागे रेंगाळतात. काही तासांनंतर, पुष्कळदा रात्रभरानंतर, जेल सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात रंगविली म्हणजे आरएनएच्या जागी तपकिरी-काळे पट्टे उमटतात.

रोटा विषाणूचे अकरा तुकडे म्हणजे अकरा पट्टे. सस्तन प्राण्यांत सामान्यतः आढळणाऱ्या 'ए' गटाच्या विषाणूत ते चार, दोन, तीन व दोन अशा समूहांत उमटतात. हा क्रम एकदा पाहिला की विसरत नाही. दुसऱ्या कोणत्याही गोष्टीशी त्याची गल्लत होण्याचा संभव फार थोडा असल्याने खोटा होकार क्वचितच येतो. खर्च कमी येतो व महागडी यंत्रे लागत नाहीत. भारतातील पशुवैद्यक महाविद्यालयांनी वासरांच्या रोटा विषाणूचा अभ्यास करताना या पद्धतीचा पुष्कळ उपयोग केला आहे.

तिची उणीव अशी की, येथे आरएनए वाढविले जात नाही. नमुन्यात मुळात जेवढे असेल तेवढेच दिसते. विषाणूंची संख्या भरपूर नसल्यास पट्टे उमटत नाहीत. उशिरा घेतलेला किंवा तापलेला नमुना येथे पहिल्या पायरीवरच अपयशी ठरतो.

पद्धत दुसरी : आवरणातील प्रथिनांची ओळख

एलायझा या परीक्षेत आरएनएचा शोध घेत नाहीत, तर विषाणूच्या आवरणातील प्रथिने विशिष्ट प्रतिद्रव्यांच्या साहाय्याने पकडतात व रंग उमटल्यावरून निकाल देतात. याच तत्त्वावरील पट्टी-परीक्षा गोठ्यावरच काही मिनिटांत करता येते. झटपट अंदाजासाठी ती चांगली असली तरी विषाणू थोडे असतील तर तीही चुकते. अशा वेळी पुढील पद्धतीचा आधार घ्यावा लागतो.

पद्धत तिसरी : आरटी-पीसीआर

कोविडच्या साथीमुळे आरटी-पीसीआर हे नाव घरोघर पोहोचले. शेणाच्या परीक्षेतही तत्त्व तेच आहे. पीसीआर ही डीएनएच्या प्रती काढण्याची क्रिया अमेरिकन शास्त्रज्ञ केरी मुलिस यांनी १९८३ साली शोधून काढली व तीबद्दल त्यांना १९९३ साली नोबेल पारितोषिक मिळाले. परंतु ही क्रिया आरएनएवर चालत नाही. म्हणून आधी रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज नावाच्या विकराने आरएनएवरून डीएनएची प्रत तयार करतात. हे विकर १९७० साली टेमिन व बाल्टिमोर यांनी स्वतंत्रपणे शोधले होते.

रोटा विषाणूच्या बाबतीत येथे एक विशेष पायरी आहे. त्याचे आरएनए दुहेरी धाग्याचे असल्यामुळे दोन धागे एकमेकांपासून सुटल्याशिवाय विकरास काम सुरू करता येत नाही. म्हणून आरएनए सुमारे ९५ अंश सेल्सियसला काही मिनिटे तापवून लगेच बर्फात बुडवितात. तापल्याने धागे सुटतात आणि एकदम थंड केल्याने त्यांना पुन्हा जुळण्यास अवधी मिळत नाही. ही पायरी गाळल्यास भरपूर विषाणू असलेला नमुनाही निरोगी ठरण्याची भीती असते. एकेरी आरएनएच्या कोरोना विषाणूस ही पायरी आवश्यक नाही.

डीएनए तयार झाल्यावर प्रती काढण्याचे चक्र सुरू होते. सुमारे ९५ अंशांवर धागे सुटतात. तापमान ५० ते ६० अंशांपर्यंत उतरविल्यावर प्रायमर नावाचे छोटे तुकडे विषाणूच्या ठराविक जागीच जाऊन बसतात. पुढे सुमारे ७२ अंशांवर विकर तेथून नवा धागा विणते. प्रत्येक चक्रात प्रतींची संख्या दुप्पट होते. एका प्रतीपासून दहा चक्रांत एक हजारावर, वीस चक्रांत दहा लाखांवर आणि तीस चक्रांत एकशे सात कोटींवर प्रती तयार होतात. चमचाभर शेणातील मोजके विषाणूदेखील या गुणाकारामुळे दृष्टीच्या टप्प्यात येतात.

आधुनिक यंत्रात प्रत्येक चक्राबरोबर प्रकाशाची नोंद होते. कितव्या चक्रास प्रकाश ठराविक मर्यादा ओलांडतो, त्या आकड्यास सीटी मूल्य म्हणतात. विषाणू जितके जास्त तितके हे मूल्य कमी. १८ सीटी असलेल्या नमुन्यात ३६ सीटीच्या नमुन्यापेक्षा अडीच लाखांहून अधिक पटीने विषाणूचे आरएनए असते. प्रतींतील घटकांचा क्रम वाचून विषाणूचा उपप्रकारही ठरविता येतो. गुरांत प्रामुख्याने जी ६, जी ८ व जी १० हे उपप्रकार आढळतात.

खोटा नकार आणि खोटा होकार

एवढ्या संवेदनशील परीक्षेस दोन बाजूंनी धोका असतो. शेणातील अशुद्ध पदार्थांनी विकर अडले तर विषाणू असूनही निकाल नकारार्थी येतो. यावर उपाय म्हणून कित्येक प्रयोगशाळा आरएनए काढण्यापूर्वीच नमुन्यात एक निरुपद्रवी परिचित विषाणू मुद्दाम मिसळतात. जिवाणूंवर वाढणारा एमएस-२ हा विषाणू त्यासाठी वापरतात. शेवटी हा पाहुणा सापडला तर परीक्षा नीट पार पडली असे समजावे. तोही सापडला नाही, तर नकारार्थी निकालास अर्थ नाही. मग निवळ दहापट विरल करून किंवा पुन्हा धुऊन परीक्षा करतात.

उलट पक्षी, आधीच्या परीक्षेतील प्रतींचा सूक्ष्म शिंतोडा नव्या नळीत गेला तर निरोगी वासरूही रोगी ठरेल. म्हणून द्रावणे बनविण्याची, आरएनए काढण्याची व प्रती वाढविण्याची कामे वेगवेगळ्या खोल्यांत करतात आणि शेवटच्या खोलीतील वस्तू पहिल्या खोलीत परत नेत नाहीत. प्रत्येक खेपेस केवळ शुद्ध पाण्याची एक नळी व निश्चित विषाणू असलेली एक नळी सोबत चालवितात. पाण्याच्या नळीत विषाणू सापडला तर ती सर्व खेप रद्द करावी लागते.

निकालाचा अर्थ

होकारार्थी निकाल म्हणजे शेणात विषाणूचे आरएनए आहे एवढेच सिद्ध होते. रोटा व कोरोना हे दोन्ही विषाणू काही वेळा धडधाकट जनावरांच्या शेणातही आढळतात. म्हणून वासराचे वय, लक्षणे, सीटी मूल्य आणि गोठ्यातील इतर वासरांची स्थिती एकत्र विचारात घेऊनच पशुवैद्यक निदान करतो. आठ दिवसांच्या हगवणग्रस्त कालवडीत कमी सीटी मूल्याने रोटा विषाणू आढळला तर कारण बहुधा तेच होय. ३७ सीटीवर अंधुक खूण मिळाली तर ई. कोलाय व क्रिप्टोस्पोरिडियमचाही शोध घ्यावा.

पुण्यातील माणसांच्या आरोग्याशी संबंध

या परीक्षा केवळ जनावरांपुरत्या नाहीत. पुण्यात १९५२ साली स्थापन झालेल्या आणि १९७८ पासून राष्ट्रीय विषाणू संस्था या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संस्थेत माणसांच्या मलातील विषाणूंचा अभ्यास याच तत्त्वांवर होत आला आहे. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्ता परिसरात गिलेन-बारे या मज्जातंतूंच्या विकाराचे रुग्ण मोठ्या संख्येने आढळले, तेव्हा रुग्णांच्या मलाचे नमुने तपासण्यात आले. काहींत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू आणि काहींत नोरो विषाणू आढळून आला. नोरो विषाणू प्रयोगशाळेत सहजासहजी वाढत नाही. त्यामुळे त्याचे निदान मुख्यतः मलातील आरएनएवरूनच करावे लागते.

गोठा व घर यांचा आणखी एक संबंध उल्लेखनीय आहे. पुण्यातील सीरम इन्स्टिट्यूटने बालकांसाठी बनविलेल्या रोटा विषाणूवरील लसीत गुरांच्या विषाणूचा सांगाडा वापरून त्यावर माणसांच्या विषाणूतील आवरण-प्रथिनाचा तुकडा बसविला आहे. म्हणजे वासरांच्या हगवणीचा जो विषाणू, त्याच्याच एका वंशातून बालकांचे संरक्षण साधले गेले. मात्र यावरून गोठ्यातील विषाणू निरुपद्रवी समजू नये. गुरांचे उपप्रकार क्वचित माणसांतही आढळले आहेत, तर क्रिप्टोस्पोरिडियम व साल्मोनेला वासरांपासून माणसांस सहज होतात. दाट वस्तीत गोठा व स्वयंपाकघर यांत एका भिंतीचेच अंतर असेल, तर आजारी वासराची देखभाल करणाराने साबणाने हात धुतल्याखेरीज लहान मुलास घेऊ नये किंवा अन्नास हात लावू नये.

निकाल येईपर्यंत काय करावे

प्रयोगशाळेचा निकाल येण्यास वेळ लागतो आणि हगवणीत वासरास तेवढा अवधी नसतो. म्हणून पुढील उपाय तत्काळ सुरू करावेत.

वासराच्या मानेची कातडी चिमटीत धरून सोडावी. ती लगेच पूर्ववत न होता काही क्षण तशीच उभी राहिली, तर शरीरातील पाणी कमी झाले आहे असे समजावे. वासरू उभे राहत असेल व चोखत असेल तर पशुवैद्यकाच्या सल्ल्याने क्षार-शर्करेचे पाणी, म्हणजे जलसंजीवनी, दिवसातून अनेक वेळा पाजावे. हे पाणी दुधात मिसळून न देता दुधाच्या दोन वेळांच्या मधल्या काळात द्यावे. दूध पूर्णपणे बंद करू नये, कारण वासरास शक्तीचीही गरज असते. वासराने चोखणे सोडले असेल, तोंड थंड लागत असेल किंवा ते उठत नसेल, तर शिरेतून सलाइन देण्यासाठी पशुवैद्यकास विनाविलंब बोलवावे. अशा वासरास बळेच काही पाजू नये, ते फुफ्फुसात जाण्याचा धोका असतो.

आजारी वासरू वेगळे बांधावे. आधी निरोगी वासरांचे काम उरकून मग आजारी वासराकडे जावे. त्याची बादली, दोर व खराटा वेगळा ठेवावा. रोटा विषाणू पुष्कळ जंतुनाशकांस दाद देत नाही आणि शेणाच्या थराखाली तर तो अधिकच सुरक्षित असतो. म्हणून आधी शेण खरवडून, जागा पाण्याने धुऊन, ती निथळल्यावर मगच ब्लीचिंग पावडरचे ताजे द्रावण वापरावे आणि जागा उन्हात कोरडी होऊ द्यावी.

पुढील वासरांसाठी सर्वांत स्वस्त व खात्रीचा उपाय म्हणजे वेळेवर चीक पाजणे. वासराच्या वजनाच्या सुमारे दहाव्या हिश्शाइतका चीक पहिल्या बारा तासांत पोटात गेला पाहिजे, आणि त्यातील निम्मा पहिल्या दोन तासांत. पंचवीस किलो वजनाच्या वासरास हे प्रमाण अडीच लिटर होते. चिकातील रोगप्रतिबंधक द्रव्ये आतड्यातून रक्तात शोषण्याची वासराची शक्ती चोवीस तासांत संपुष्टात येते. त्यानंतरही काही दिवस थोडा थोडा चीक दिल्यास तो आतड्यातच विषाणूंना अटकाव करतो.

सारांश

वासरांच्या हगवणीचे कारण डोळ्यांना दिसत नाही, पण शेणात ते असते. जेलवरील पट्टे भरपूर विषाणू असल्यास स्वस्त व खात्रीचे उत्तर देतात. पट्टी-परीक्षा चटकन अंदाज देते. आरटी-पीसीआर अल्प विषाणूही शोधून काढते व त्याचा प्रकार सांगते. मात्र पहिल्या दोन दिवसांत, स्वच्छ बाटलीत, बर्फात ठेवून व संपूर्ण माहितीसह पाठविलेला नमुना नसेल तर या सर्व पद्धती निष्फळ होत. निकालाने मेलेले वासरू परत येत नाही. परंतु त्याच गोठ्यात पुढच्या महिन्यात जन्मणाऱ्या वासरास प्रतिजैविकाची सुई द्यावयाची की चीक, पाणी व स्वच्छता यांवर भर द्यावयाचा, याचा निर्णय त्या निकालावर करता येतो. हगवणीचे पहिले लक्षण दिसताच एका हाताने जलसंजीवनीची बाटली आणि दुसऱ्या हाताने नमुन्याची बाटली घेणारा पशुपालक आजच्या व उद्याच्या अशा दोन्ही वासरांची काळजी घेत असतो.